नोकरी सांभाळून पीएच.डी. करताना प्रबंधाच्या लिखाणात सातत्य कसं ठेवायचं?

तुम्ही म्हणताय, कॉलेजात शिकवता, नोंदणीला दोन वर्षं झाली, टिपणांच्या वह्या भरल्यात पण एक प्रकरण धड उभं नाही. आता दिवाळीच्या सुट्टीत बसून एकदम लिहून काढावं का?

सुट्टीच्या भरवशावर राहू नका. सुट्टी लागते न लागते तोच कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर, पेपर तपासायला बोलावणं येतं आणि उरलेले दिवस पाहुण्यारावळ्यांत जातात. मीही शिकवतच प्रबंध पुरा केला, इतिहासात. बहुतेक सगळा सकाळी, कॉलेजला निघण्याआधीच्या पाऊण तासात. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

त्या पाऊण तासात वाचन मात्र करायचं नाही. वाचन ही संशोधकाची सगळ्यात प्रतिष्ठित टंगळमंगळ आहे, कोणी नावं ठेवत नाही. लिहिताना संदर्भ अडला की मी चौकटी कंसात टाकायचो, [१९०१च्या जनगणनेतला नगर जिल्ह्याचा आकडा], आणि पुढे जायचो. हे कंस संध्याकाळी भरायचे. दमलेल्या डोक्यालाही ते काम झेपतं. आणि उठताना शेवटी उद्याचा प्रश्न लिहून ठेवायचा: ‘लोकसंख्या घटली ती दुष्काळाने किती, प्लेगने किती?’ सकाळी कुठून सुरू करू म्हणत बसावं लागत नाही.

परीक्षा किंवा नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, धावपळ असेल तेव्हा पाऊण तासाचा हट्ट सोडा. फाइल उघडा, एखादी तळटीप नीट करा, बंद करा. फाइल महिनाभर बंद राहिली की परत उघडायची भीती वाटते, तेवढी टळली पाहिजे.

टिपणांत दुसऱ्याचं वाक्य उतरवलंत तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक घाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि दोन वर्षांनी आपलं वाक्य कुठलं नि उतरवलेलं कुठलं हे आपल्यालाच ओळखू येत नाही.

यूजीसीच्याच पीएच.डी.च्या २०२२च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून मुदत ६ वर्षं, आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण. बहुतेक जण त्याला स्लाइड्स करून वेळ मारून नेतात. तुम्ही त्याच तारखेला गाईडच्या हातात लिहिलेली पानं द्या, कच्ची असली तरी. आणि वाचून कधी परत देणार, तेही तिथेच विचारून घ्या.