गरोदरपणात हिमोग्लोबिन कमी असेल तर बाळ दिवस भरण्याआधीच होतं का?

तुम्हाला २६ वा आठवडा चालू आहे, हिमोग्लोबिन ८.८ आलंय, मळमळ होते म्हणून लोहाच्या गोळ्या बंद केल्यात, आणि 'रक्त कमी असलं की सातव्या महिन्यातच बाळंतपण होतं' हे ऐकल्यापासून झोप उडाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. तुमची भीती मला कळते, पण मला जास्त काळजी वाटते ती बंद केलेल्या गोळ्यांची.

संबंध खरा आहे. अ‍ॅनिमिया असलेल्यांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, आणि रक्त जितकं कमी तितका धोका मोठा. तरीही अशा बहुतेक बायकांचे दिवस पूर्ण भरतात. हे कशामुळे होतं, याची पूर्ण उकल अजून झालेली नाही. वारेकडे ऑक्सिजन कमी पोचला की ताणाची संप्रेरकं वाढतात आणि कळा सुरू व्हायला त्यांचा हातभार लागतो, असं मानतात. शिवाय लोह कमी असलं की जंतुसंसर्गाशी लढायची ताकदही घटते, आणि लघवीचा किंवा योनिमार्गाचा संसर्ग हे लवकर कळा येण्याचं एक नेहमीचं कारण आहे. म्हणून लघवीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

'गरोदरपणात रक्त पातळ होतंच' असंही कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं. रक्तातला पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून आकडा थोडा खाली येतो. पण ते धरूनच मधल्या तीन महिन्यांत १०.५ ही खालची मर्यादा ठरवली आहे. ८.८ हा मध्यम अ‍ॅनिमिया आहे, त्यावर उपचार हवेतच.

आता गोळ्या. पूर्ण गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं, आणि त्यातला मोठा वाटा आता पुढच्या महिन्यांतला आहे. एकदा कमतरता झाली की नुसत्या आहारावर ती भरून निघत नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना किंवा थोडं खाऊन घेऊन बघा. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून तिला निदान दोन तास लांब ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. एवढं करूनही सोसत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: 'गोळ्या मी घेत नाहीये, मला झेपत नाहीत.' संकोचामुळे बायका हे लपवतात आणि मग डॉक्टरांना वाटतं की औषध लागू पडत नाही. दुसरं औषध, एक दिवसाआड गोळी किंवा शिरेतून लोह असे पर्याय आहेत. पहिले तीन महिने उलटल्यावर शिरेतून लोह देता येतं, आणि दिवस थोडे उरले असतील तर ते जास्त उपयोगी पडतं.

गोळ्या नीट घेऊनही तीन-चार आठवड्यांत आकडा वर सरकला नाही तर कारण वेगळं असू शकतं: बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, जंत, थॅलेसेमियाचा वाहक असणं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायचं का, हेही विचारा.

आता उपचार सुरू केलेत तर प्रसूतीपर्यंत रक्त वाढवायला वेळ आहे. हे फक्त बाळासाठी नाही. बाळंतपणात होणारा रक्तस्राव अशक्त शरीराला फार जड जातो.

ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागलं, कंबर सतत भरून येऊ लागली, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत धडधडू लागलं तरीही. आणि तिथे पोचल्यावर हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा आधी सांगा.