तिसरीच्या वर्गात चित्ररूप शिकण्याचं सॉफ्टवेअर कसं वापरावं? मुलं नुसती रंग आणि चित्रं बदलत बसतात.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३२ मुलं, ८ संगणक, एक प्रोजेक्टर. संकल्पनाचित्रं (शब्दांच्या चौकटी बाणांनी जोडून केलेली चित्रं) काढायचं आणि गणितातल्या आकृत्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर आहे. तास संपतो तेव्हा पडद्यावर सुंदर चित्र असतं, पण विषय मुलांना पूर्वीइतकाच कळलेला असतो.

यात मुलांचा दोष नाही. ‘जलचक्राचं चित्र काढा’ एवढंच काम दिलं आणि बाजूला शेकडो चित्रांचा संग्रह उघडा ठेवला, तर आठ वर्षांचं मूल चित्रंच निवडणार. चित्र नुसतं दिसायला हवं असेल तर फळा आणि तक्ता पुरतो. सॉफ्टवेअर घ्यायचं ते चित्र बदलणं सोपं होतं म्हणून. कागदावर मधेच एक चौकट घालायची तर अर्धं चित्र खोडावं लागतं, मूल कंटाळतं आणि चूक तशीच राहू देतं. पडद्यावर चौकट सरकवली की तिला जोडलेले बाणही बरोबर सरकतात. म्हणून काम असं द्या की ते करताना मुलाला आपलं चित्र एकदा तरी बदलावंच लागेल. पुढचं सगळं मी याच धाग्याने सांगते.

संकल्पनाचित्रापासून सुरुवात करू. ही पद्धत शिक्षण-संशोधक जोसेफ नोवाक यांनी १९७०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात आणली. मुलांची विज्ञानाची समज काळानुसार कशी बदलते, हे त्यांच्या गटाला नोंदवायचं होतं. या पद्धतीचा प्राण चौकटींपेक्षा बाणावरच्या शब्दांत आहे. दोन शब्द आणि मधला बाण मिळून एक पूर्ण वाक्य झालं पाहिजे. बाण कोरा असेल तर मुलाला काय कळलंय ते तुम्हाला कळत नाही, आणि त्यालाही कळत नाही.

जलचक्राचंच उदाहरण घ्या. सहाच चौकटी द्या: सूर्य, समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी. या वयाला एका चित्रात ५ ते ७ शब्द पुरतात; १२ दिले की अर्धा वेळ मांडणीतच जातो. नियम एकच, कोरा बाण चालणार नाही. मग ‘सूर्य – तापवतो – समुद्र’, ‘पाऊस – पडतो – नदी’ अशी वाक्यं येतात आणि ‘वाफ – बनते – ढग’ हेही येतं. वाचायला ठीक वाटतं, पण खरी गफलत इथेच लपलेली असते. बहुतेक मुलांना ढग म्हणजे वाफच वाटते. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग दिसतो तो पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे किंवा बर्फाच्या कणांमुळे. तेव्हा उत्तर सांगू नका, विचारा: ‘गरम पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला काय जमतं? ते कुठून आलं?’ मुलं ‘थेंब’ म्हणतात. मग, ‘तुमच्या चित्रात थेंब कुठे बसतील?’ आता वाफ आणि ढग यांच्या मधला बाण तोडायचा, नवी चौकट घालायची, ‘थंड होऊन होतात’ असं बाणावर लिहायचं. हे दोन मिनिटांचं काम म्हणजे त्या तासातलं खरं शिकणं. ते घडलं नाही तर बाकीच्या चित्राला फारसा अर्थ नाही.

यासाठी प्रत्येक जोडीने दोन फाइली ठेवाव्यात: पहिली पाठ शिकवण्याआधीची, दुसरी नंतरची. पहिली पुसायची नाही. दोन्ही शेजारी उघडल्या की ‘काय बदललं आणि का?’ हा प्रश्न मुलं स्वतःच सोडवतात.

आता वर्गाची मांडणी. एका संगणकावर दोन मुलं. तीन बसवली की तिसरं खिडकीबाहेर बघतं. एकाच्या हाती माऊस. दुसऱ्याने काय करायचं ते सांगायचं, आणि माऊसवाल्याने न सांगितलेलं काही करायचं नाही. दर ५ ते ७ मिनिटांनी अदलाबदल, आणि ती तुमच्या टाळीवर. मुलांवर सोडली तर दांडगं मूल माऊस सोडत नाही. म्हणजे एका वेळी १६ मुलं संगणकावर बसतील. उरलेल्या १६ जणांना तेच सहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहून द्या. बाकावर चिठ्ठ्या मांडायच्या, मधे बाण आणि शब्द पेन्सिलने लिहायचे. हा वेळकाढूपणा नाही. आधी चिठ्ठ्या मांडलेली मुलं पडद्यासमोर आली की सरळ कामाला लागतात. ४० मिनिटांच्या तासाचा हिशोब असा बसतो: ५ मिनिटं सूचना, १४ मिनिटं काम, २ मिनिटं जागा बदलायला, पुन्हा १४, शेवटी ५ मिनिटं दोन चित्रांवर बोलणं. संगणक तास सुरू होण्याआधी चालू करून, फाइल उघडून ठेवा, नाहीतर सूचनांची ५ मिनिटं तिथेच संपतात. शेवटची ५ मिनिटं मात्र कापू नका. वेळ कमी पडला तर कामातून कापा.

सॉफ्टवेअर हाती देण्याआधी एक वेगळा तास फक्त हत्यारं शिकवायला द्या. पाचच गोष्टी: चौकट घालणं, जोडणं, सरकवणं, मागे घेणं, सेव्ह करणं. यातलं ‘मागे घेणं’, म्हणजे कंट्रोल आणि झेड, सगळ्यात आधी शिकवा. ते आलं की मुलं घाबरत नाहीत आणि तुम्हाला दर मिनिटाला हाकही मारत नाहीत. त्या तासाचा विषय अगदी सोपा घ्या, घरातल्या माणसांची नाती वगैरे, म्हणजे डोक्यावर एकाच गोष्टीचा भार पडतो. रंग आणि चित्रं खेळायची हौसही याच तासात भागवून घ्या, शेवटची १० मिनिटं मोकळी सोडा.

नंतरच्या तासांना चित्रसंग्रह बंद ठेवा किंवा १० ते १५ चित्रांपुरता कापा. रंगाला काम द्या: सजीव हिरवे, निर्जीव करडे, असं. तीनपेक्षा जास्त रंग नकोत. आणि रंगाबरोबर आकारही बदला, गोल आणि चौकोन, कारण लाल-हिरव्यात फरक न कळणारं एखादं मूल वर्गात असू शकतं आणि ते सांगत नाही. त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं.

फाइलींचा घोळ जवळजवळ प्रत्येक वर्गात होतो. तुम्ही कोरा नमुना तयार करून ठेवता, पहिली जोडी त्यातच काम करून सेव्ह करते आणि दुसऱ्या तुकडीला भरलेलं चित्र मिळतं. नमुन्याची फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा, आणि मुलांना सुरुवातीलाच ‘सेव्ह ॲज’ करायला लावा. नाव ठरलेल्या साच्यात: जोडीचा क्रमांक, विषय, १ किंवा २. ‘७-जलचक्र-१’ असं.

टायपिंगचं काय? या वयाची मुलं मराठी टाइप करताना एकेक अक्षर शोधतात. एका जोडाक्षरात मिनिट जातं आणि तोवर विचार निसटतो. म्हणून चौकटीतले शब्द तुम्हीच आधी भरून द्या. मुलांनी टाइप करायचं ते फक्त बाणावरचं. सॉफ्टवेअर निवडतानाच ‘विद्यार्थी’, ‘पृथ्वी’, ‘शक्ती’, ‘वाऱ्याने’ हे चार शब्द त्यात लिहून बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल किंवा जोडाक्षर फुटून मधे हलन्त दिसत असेल, तर ते सॉफ्टवेअर देवनागरी नीट मांडत नाही. तेच शब्द छापून आणि पीडीएफ करूनही तपासा. पडद्यावर बरोबर दिसणारा मजकूर तिथे फुटतो, असंही होतं.

गणितात तोच नियम वेगळ्या रूपात येतो: क्लिक करण्याआधी वहीत अंदाज. ४२ − १७ घ्या. पडद्यावर दहाच्या ४ पट्ट्या आणि २ सुटे ठोकळे आहेत. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल पट्टीवर क्लिक करतं, पट्टी फुटून दहा सुटे होतात, आणि उत्तर २५ येतं. सगळं बरोबर, पण सॉफ्टवेअरने त्याच्यासाठी केलेलं. मुलाला फक्त ‘इथे क्लिक केलं की काम होतं’ एवढं समजलं. पट्टी फोडण्याआधी दोन प्रश्न वहीत लिहून घ्या: आता पट्ट्या किती राहतील आणि सुटे किती होतील? आणि एकूण संख्या किती होईल? पहिल्याला ३ आणि १२ असं उत्तर येतं. दुसऱ्याला बरीच मुलं ४२ सोडून भलतंच काही लिहितात, आणि हातच्याच्या सगळ्या चुकांचं मूळ तिथेच सापडतं. हाताने धरायचे ठोकळे किंवा काड्यांचे गठ्ठे आधी आठवडाभर वापरून मग पडद्यावर या. दहाचा गठ्ठा स्वतः सोडलेल्या मुलाला पडद्यावरची फुटणारी पट्टी कळते.

अपूर्णांकात एक छुपा धोका आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आकृतीचा कोपरा ओढला की ती मोठी होते. मूल एक वर्तुळ नकळत मोठं करतं आणि मोठ्या वर्तुळाचा १/४ हा छोट्याच्या १/२ पेक्षा मोठा दिसतो. आता चित्रच खोटं सांगतंय. तुलना करायची तर पूर्ण आकृती सारखीच हवी, म्हणून आकृत्या लॉक करा. वर्तुळापेक्षा एकाखाली एक मांडलेल्या समान लांबीच्या पट्ट्या बऱ्या. डोळ्यांना लांबी मोजणं सोपं जातं. मग छेद २ पासून ८ पर्यंत एकेक वाढवत न्या, आणि दर पायरीआधी विचारा, ‘आता तुकडा मोठा होईल की लहान?’ आठ हे सहापेक्षा मोठे म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा, ही समजूत इथे उघडी पडते.

भूमितीसाठी जिओजेब्रा चांगलं आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर शाळांना मोफत वापरता येतं. लहान वर्गात तयार फाइल द्या आणि वरची साधनपट्टी लपवा. एका फाइलमध्ये दोन चौरस ठेवा: एक चार सुट्या बिंदूंनी काढलेला, दुसरा नियमित बहुभुजाच्या साधनाने. ‘कोपरा ओढा.’ पहिला लगेच मोडतो, दुसरा लहानमोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. टोकावर उभा राहिलेला चौरस बघून मुलं म्हणतील, ‘आता तो चौरस नाही.’ मग त्यांना बाजू आणि कोन मोजू द्या.

ॲनिमेशन दाखवायचं असेल तर ते न थांबता पूर्ण चालू देऊ नका. पडद्यावरून गेलेलं दृश्य मुलांच्या डोक्यातूनही जातं. एक-दोन ठिकाणी थांबवा, पुढे काय होईल ते शेजाऱ्याला सांगायला लावा, मग चालू करा. वर्णन ऐकू येत असेल तर तोच लांब मजकूर पडद्यावर नको. मुलं वाचावं की ऐकावं या कात्रीत सापडतात आणि चित्र राहून जातं. नावं चित्रातल्या भागांना चिकटूनच हवीत. बाजूला १, २, ३ अशी यादी दिली की नजर सारखी येजा करते. प्रोजेक्टरवर काही दाखवण्याआधी स्वतः शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा.

एक गैरसमज मात्र दूर ठेवा. ‘हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं’ अशी विभागणी करून सॉफ्टवेअर काहींनाच देऊ नका. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलांच्या शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकणं होतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. शब्दांना योग्य चित्राची जोड सगळ्याच मुलांना उपयोगी पडते.

गुण देताना देखणेपणा बाजूला ठेवा. खऱ्या वाक्याच्या प्रत्येक बाणाला १ गुण, कोऱ्या बाणाला शून्य, आणि दुसऱ्या चित्रात केलेल्या योग्य दुरुस्तीला २. हा हिशोब मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. रंगांवरचा वेळ आपोआप कमी होतो. दुसऱ्या दिवशी त्याच चित्राची बाणांवरचे शब्द पुसलेली प्रत छापून द्या आणि ५ मिनिटांत वहीत वाक्यं लिहायला सांगा, संगणकाशिवाय. ज्या बाणापाशी निम्मा वर्ग अडतो, पुढचा तास तिथून सुरू करा.