हॉकीत गोली (गोलकीपर) व्हायचंय? मग आधी एवढं कर

पहिल्याच मॅचला सात गोल बसले म्हणून पॅड विकायला काढू नकोस रे. आइस हॉकीतला टिम थॉमस बघ. 1994 च्या ड्राफ्टमध्ये (NHL या मोठ्या लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो) 217 वा, मग वर्षानुवर्षं फिनलंड, स्वीडन आणि खालच्या लीगमध्ये वणवण. NHL मधल्या बोस्टन संघाचा मुख्य गोली झाला तेव्हा तिशी उलटलेली. 2011 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी स्टॅनले कप, म्हणजे NHL चं विजेतेपद. आणि एका सीझननंतर गडी स्वतःहूनच घरी बसला!

तुझ्यासाठी सध्या एवढंच:

- हेल्मेट आणि गळ्याच्या गार्डात काटकसर नको. नेहरूनगरच्या टर्फवर (हॉकीच्या कृत्रिम मैदानावर) उतरण्याआधी पॅड बांधून दोन-चार उठाबशा काढ. पॅड फिरला तर पट्टा सैल आहे.
- शॉट येताना पाय स्थिर हवेत. नवखे फार लवकर आडवे पडतात, मग रिबाउंड (अडवून परत उसळलेला चेंडू) सरळ जाळ्यात. नव्वद टक्के रडगाणं इथलंच.
- बचावपटूंवर ओरड. पुणेकर असून गप्प कसा राहतोस?

पेनल्टी स्ट्रोक, शूटआउट वगैरे पुढच्या वर्षी. रविवारी लवकर ये, किकरनं (बुटांवर चढवायच्या पॅडनं) चेंडू बाजूला कसा काढायचा ते दाखवतो.