कुत्र्याला साप चावू नये म्हणून लस मिळते का?

नाही, आपल्याकडे कुत्र्यांसाठी अशी लस नाही. नेटवर जिच्याबद्दल वाचायला मिळतं ती अमेरिकेतली, तिथल्या रॅटलस्नेकच्या विषावर बेतलेली. नाग-घोणशीपुढे तिचा उपयोग नाही. मी पशुवैद्यक आहे, पावसाळ्यात अशा केसेस येतातच. चावा बहुतेक नाकाडावर किंवा पुढच्या पायावर असतो, कारण कुत्रा हुंगायला जातो. म्हणून रात्री फिरवताना पट्टा आखूड आणि हातात टॉर्च. उरलेलं खाणं अंगणात ठेवू नका, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. लाकडाचा, विटांचा ढीग भिंतीपासून लांब हलवा.

चावलाच तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. आवळून बांधणं, चिरा देणं, हळद-लिंबाचा पाला, सगळं बाद. घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका. घोणस असेल तर सूज झपाट्याने चढते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. नाग असेल तर लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. मण्यार चावल्यावर सूज जवळजवळ नसतेच, त्यामुळे लोक सकाळपर्यंत थांबतात आणि तिथेच घात होतो. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर उतारा म्हणून प्रतिविषाचं (अँटीव्हेनम) इंजेक्शन एकच, माणसांना देतात तेच.

फक्त ते प्रत्येक पशुवैद्यकाकडे नसतं. जवळ कुठे मिळतं, रात्री कोण उघडं असतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा.