तहाआधी जळालेल्यांना विचार

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय पोरी,

ट्रॅव्हियनबद्दलचा (गावं वसवायचा आणि लढायचा ऑनलाइन खेळ) तुझा मेसेज दुपारी बघितला. ‘काका, त्यांनी तह मागितलाय. काय करू?’ आणि खाली दोन स्क्रीनशॉट. मी तेव्हा शिरोलीत मशीनवर उभा होतो, हात ऑइलनं माखलेले. अंगठ्यानं नुसतं ‘थांब’ एवढंच टाकलं. आता जेवून बसलोय, तर सगळं लिहितो. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच ‘हां काका, कळलं’ म्हणतेस आणि दोन दिवसांनी समजतं की काही कळलं नव्हतं.

पहिला स्क्रीनशॉट, म्हणजे त्या वैरी अलायन्सच्या (खेळातल्या गटाच्या) लीडरचा मेसेज, मी तीनदा वाचला. ‘जुनं सोडून देऊया, पुढचं बघूया.’ हे वाक्य कायम जाळणारा म्हणतो, ज्याचं जळलं तो कधी म्हणत नाही. म्हणून तो माणूस खोटा ठरत नाही. पण त्याला हे आत्ताच का सुचलं, ते आधी शोध. त्यानं तुमच्या गावांवर कॅटा, म्हणजे इमारती पाडणारे कॅटापल्ट, सोडले तेव्हा तू दोनदा बोलणी लावली होतीस, त्यानं साधं उत्तरही दिलं नव्हतं. मग आता काय बदललं? ट्रॅव्हियन मी सोडून बरीच वर्षं झाली, तरी एवढं आठवतं: वंडर, म्हणजे जी इमारत पूर्ण केली की डाव जिंकतो, ती १०० लेव्हलला न्यायची तर ५० च्या पुढं त्याच अलायन्समधल्या दुसऱ्या खेळाडूकडंही बांधकामाचा प्लॅन असावा लागतो. एक प्लॅन त्याचे लोक नतारांकडून (खेळच चालवतो ती जमात) आणतील. दुसऱ्यासाठी त्यांना माणसं कमी पडतात, हे नकाशावरच दिसतंय. शिवाय वंडरच्या गावात उभं राहिलेलं सैन्य तासाला किती क्रॉप, म्हणजे धान्य, खातं हे तुला मी सांगायला नको. तुझ्या लोकांचे धान्याचे गाडे लागले नाहीत तर त्याचं सैन्य उपाशी मरेल. म्हणजे गड्याला गरज आहे. मला गरजेपोटी आलेला माणूस प्रेमानं आलेल्यापेक्षा बरा वाटतो, कारण गरज कुठवर टिकेल हे मोजता येतं. ती कधी संपते याचा अंदाज काढ आणि वहीत लिहून ठेव.

आता माझी गोष्ट, जी मी तुला आजवर सांगितली नाही.

२०१० साल. राजारामपुरीत एका कॅफेत आम्ही बसायचो, रात्री उशीर झाला की मालक अर्धं शटर ओढायचा आणि आम्ही वाकून बाहेर पडायचो. मी अलायन्सचा लीडर होतो. शेजारच्या अलायन्सशी आमची चार महिने मारामारी चाललेली. आमच्यातला गडहिंग्लजचा एक पोरगा होता, त्याची तीन गावं त्यांनी पार मातीला मिळवली होती. गोदाम गेलं, धान्याचं कोठार गेलं, भिंतही गेली. पुढं तिसराच एक मोठा अलायन्स दोघांच्या अंगावर आला, तेव्हा त्या शेजाऱ्यांच्या लीडरचा मला मेसेज आला. आम्ही एका रात्रीत तह ठरवला. मी स्वतःवर खूश. सकाळी सगळ्यांना एक मेसेज टाकला: ‘आजपासून हे आपले. कुणी रेड मारायची नाही.’ बाकीच्यांनी वाहवा केली. गडहिंग्लजचा काहीच बोलला नाही. मी त्याला ‘समजूतदार आहे’ असं समजलो.

आठ-दहा दिवसांनी माझ्या मुख्य गावावर सहा हल्ले एकापाठोपाठ येताना दिसले. तुझ्यासारखाच मी तेव्हा पहाटे तीनचा गजर लावून उठायचो. उठलो, घरचं कॉम्प्युटर लावलं, रॅली पॉइंट (गावातलं सैन्य आणि येणारे हल्ले दिसतात ती जागा) बघितला आणि पोटात गोळा आला. त्या पोरानं माझ्या गावात राखणीला ठेवलेले सगळे फॅलँक्स (भालेवाले शिपाई) परत बोलावले होते. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. भिंत गेली, गाव गेलं. रिपोर्ट उघडला तर त्यात माझं गाव राखताना मेलेले प्रिटोरियन (रोमनांचे शिपाई) होते, भरपूर. ते कुणाचे, माहीत आहे? त्या जुन्या वैऱ्याचे. तो जागचा हलला नव्हता. तह त्यानं पाळला, आणि मोडला तो माझ्या घरातल्यानं.

मी त्या पोराला लई शिव्या दिल्या. तो एवढंच म्हणाला, “मला आधी विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.” पुढच्या सर्व्हरला (खेळाच्या पुढच्या डावाला) तो आमच्यात आला नाही. मला अजून त्याचा राग येतो, आणि त्याचं म्हणणं खरं होतं हेही कळतं. दोन्ही एकदम.

म्हणून त्या लीडरला उत्तर द्यायच्या आधी तुझ्या यादीत ज्यांची ज्यांची गावं जळली, त्यांच्याशी एकेकट्यानं बोल. ग्रुपवर टाकू नकोस. ग्रुपवर माणूस ‘ओके ताई’ लिहितो आणि मनात दात धरतो. फोन लाव, त्याला काय पाहिजे ते विचार. कुणाला भरपाई हवी असेल, कुणाला नुसता एक माफीचा शब्द. एखादा म्हणेल, ‘त्यांच्यातल्या अमक्याला माझ्या शेजारी बसू देऊ नका.’ हे सगळं तहात घाल. भरपाईचे गाडे त्याच्या गावातून जळालेल्याच्या गावात थेट जाऊ देत, तुझ्यामार्फत नको. ट्यूटन जमातीचा एक गाडा हजार माल नेतो, रोमनांचा पाचशे. माल किती हा मुद्दा दुसरा. ज्यानं जाळलं त्याचे गाडे आपल्या गावाकडं येताना ज्याचं जळलं त्यानं स्वतःच्या स्क्रीनवर बघायला हवेत.

पुण्याला जाताना किणीचा टोलनाका गेला की वारणेचा पूल लागतो. तू शाळेत वारणेचा तह पाठ केला असशील, १७३१, शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज. पाच मार्कांचा प्रश्न. पण तो तह नीट वाच, आपल्या कामाचा आहे. दोघे चुलतभाऊ, वैर जुनं. संभाजी महाराज तर निजामाला जाऊन मिळाले होते. १७३० मध्ये वारणेकाठी शाहूंच्या फौजेनं त्यांचा तळ उधळला. एवढं झाल्यावर तह झाला, आणि त्यात गळाभेटीपेक्षा व्यवहार जास्त आहे. नदी ही हद्द. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे कलम: एकाकडून फुटून आलेला चाकर दुसऱ्यानं ठेवायचा नाही. बघ, त्या काळातसुद्धा खरी भीती कुणाची होती! तूही हे कलम घाल. त्यांच्यातला रुसलेला तुमच्यात घ्यायचा नाही, तुमच्यातला त्यांनी घ्यायचा नाही, निदान हा सर्व्हर संपेपर्यंत. आणि हद्द आकड्यांत लिही, कोऑर्डिनेट टाकून. ‘तुमच्या बाजूला’ असलं मोघम नको.

त्यांना सरळ तुमच्या अलायन्समध्ये घेऊ नकोस. तो दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये ‘विलीन होऊया’ म्हणतोय, त्याला प्लॅन आले की बघू म्हण. आत घेतलं की हल्ल्यांची यादी दिसते, अधिकार मागितले जातात, आणि अधिकार दिले की झालं. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात २००९ च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स नावाचा मोठा अलायन्स असाच संपला. डायरेक्टरचे अधिकार असलेला त्यांचाच एक माणूस गूनस्वार्म या वैरी अलायन्सला मिळाला आणि त्यानं अख्खा अलायन्स बरखास्त केला. जहाजं तशीच उभी. तेव्हा सध्या कॉन्फेड (दोन वेगळ्या अलायन्सची मैत्री) पुरे. सिटर, म्हणजे आपल्यामागं खातं सांभाळायचा हक्क, तर अजिबात देऊ नकोस, कितीही झोप येत असली तरी.

डेफचं, म्हणजे राखणीच्या सैन्याचं, एक सांगायचं राहिलं. त्यांचं सैन्य तुझ्या गावात उभं राहिलं तर ते तुझं क्रॉप खाणार, आणि ते कधीही माघारी नेण्याची मुभा त्यांना आहे. मुख्य गाव त्यांच्या भरवशावर ठेवू नकोस. आधी कडेच्या एखाद्या गावात थोडी डेफ मागव, आणि हल्ला आला की ती थांबते का बघ. माझा तो जुना वैरी थांबला होता, हे मला रिपोर्ट बघूनच कळलं. त्याआधी मी त्याच्याबद्दल काहीही शपथेवर सांगू शकलो नसतो.

तुझ्या पोरांना समजावताना शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचं उदाहरण दे. गेल्या हंगामात ज्याच्या नावानं आपण गॅलरीतून बोंब मारली, तोच यंदा आपल्या तालमीची जर्सी घालून उतरतो. पहिल्या मॅचला कुणी टाळी वाजवत नाही. गोल मारला की वाजवतात. (जिल्ह्यातल्या निवडणुकांचं उदाहरण मात्र देऊ नकोस, ग्रुपवर वेगळीच मारामारी सुरू होईल.)

आणखी एक, गमतीचं. तो तुला सारखा ‘भावा’ म्हणतोय. तू आपल्याकडच्या बायकांसारखी ‘मी करतो, मी सांगतो’ लिहितेस, आणि तो विदर्भातला, त्याला वाटलं पोरगाच आहे. सांगायचं की नाही तू ठरव. मी सांगितलं असतं. नंतर कुठूनतरी कळलं की फसवलं म्हणून नाचायला त्याला कारण मिळेल.

उद्या संध्याकाळी सातला गंगावेशीत दूध प्यायला ये. जळालेल्या गावांची यादी आण, मोबाइलवर नको, कागदावर. कुणाला आधी फोन लावायचा ते तिथं ठरवू. आणि आईला सांग, तीनचा गजर काकांनी शिकवलेला नाही.

तुझा,
काका