फाय-६ वर पेप्टाइड चाललं, म्हणून फ्लूवर चालेल का?

नांदेडच्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा: फाय-६ फेजमध्ये (फेज म्हणजे जीवाणूंना लागण करणारा विषाणू; याला फ्लूसारखं मेदाचं आवरण असतं) एलएल-३७ हे माणसाच्या शरीरातलं जंतुरोधक पेप्टाइड मिलीला ५० मायक्रोग्रॅम घालून तासभर ठेवलं, प्लेटवर एकही प्लाक (फेजने जीवाणू मारल्याचा स्वच्छ ठिपका) आला नाही, प्रबंधात 'फ्लूवर संभाव्य उपचार' लिहू का?

एवढ्यावर नका लिहू. आधी प्लेटवर नेमकं कोण मेलं ते बघा. फाय-६ वाढतो सुडोमोनास सिरिंजी या यजमान जीवाणूवर, आणि एलएल-३७ मुळात जीवाणू मारणारं. मिश्रण डायल्यूट न करता ओतलंत तर मार यजमानालाही बसतो. म्हणून एक कंट्रोल हवाच: पेप्टाइड आधी तितकंच डायल्यूट करा, मग फेज घाला आणि लगेच ओता. प्लाक पेप्टाइडविना प्लेटइतकेच यायला हवेत. कमी आले तर तुमचा निकाल बाद.

आता 'एकही नाही'चा हिशेब. मिलीला १ कोटी प्लाकचा फेज १० हजार पट डायल्यूट केला की ०.१ मिलीत १०० प्लाक येतात. तिथे शून्य आलं तर घट साधारण दोन लॉगची, म्हणजे शंभरपट, सगळे मेले असं नव्हे. त्याहून मोठा दावा करायचा तर कमी डायल्यूशनच्या प्लेटा लागतात, आणि तिथेच उरलेलं पेप्टाइड पुन्हा नडतं.

प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' नांदेडच्या मे महिन्यात धरूच नका. मिश्रण २५ अंशांवर बीओडी इन्क्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) ठेवा, शेजारी नुसत्या बफरमधला फेज. नाहीतर उन्हाळ्याने मारलेले फेज पेप्टाइडच्या खात्यावर जमा होतात. नळ्या पॉलिप्रोपिलीनच्या घ्या; काचेला आणि पॉलिस्टायरीनला हे पेप्टाइड चिकटतं. पेप्टाइड छोट्या-छोट्या हिश्श्यांत वेगवेगळ्या नळ्यांत गोठवा, लाइट गेली-आली की सगळा साठा वितळायला नको. १५० मिलिमोलर मिठातही एकदा बघा, परिणाम बरेचदा तिथे ढेपाळतो.

खरी अडचण मात्र आवरणाची. फाय-६ ला आवरण मिळतं जीवाणूच्या पटलातून. त्यात ऋणभारित फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल भरपूर, म्हणून धनभारित पेप्टाइड तिथे ओढलं जातं. फ्लूचं आवरण प्राण्याच्या पेशीतून येतं, त्यात कोलेस्टेरॉल असतं. म्हणजे फाय-६ ही पेप्टाइडसाठी सोपी परीक्षा. सोबत आवरण नसलेला एमएस-२ फेज चालवा. तोही तितकाच पडला तर 'आवरण फोडतं' हे स्पष्टीकरण पुरणार नाही.

पुढचं काम पेशींवर, बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) सोय असलेल्या प्रयोगशाळेत. फ्लूसाठी एमडीसीके पेशी (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या). आधी विषाणूविना एमटीटी (पेशी किती जिवंत ते मोजणारी चाचणी) करून सीसी५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) काढा, मग ईसी५० (विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा). सीसी५० भागिले ईसी५० हे गुणोत्तर १० च्या खाली असेल तर फार उड्या मारू नका. पेप्टाइड तीन वेळांना द्या: विषाणूला आधी, पेशींना आधी देऊन धुऊन, आणि संसर्गानंतर. फक्त पहिल्यातच परिणाम दिसला तर ते जंतुनाशक आहे, औषध म्हणायला अजून आधार नाही. तोवर शीर्षकात 'आवरणयुक्त फेजवरील परिणाम' एवढंच ठेवा.