विक्री वाढली, पण माल किती गेला?

प्रश्न : सणासुदीत किरकोळ विक्री गेल्या वर्षीपेक्षा अमुक टक्क्यांनी वाढली, म्हणजे अर्थव्यवस्था भक्कम आहे, असे वर्तमानपत्रांत वाचतो. आमचे किराणा दुकानदार मात्र म्हणतात, की गल्ला वाढला तरी गिऱ्हाईक हात आखडूनच घेते. कोणाचे खरे मानावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, कारण बातमी रुपये मोजते आणि आपले दुकानदार माल मोजतात. समजा, गेल्या दिवाळीत त्यांच्याकडून सोयाबीन तेलाच्या 100 पिशव्या 120 रुपयांप्रमाणे गेल्या, तर विक्री 12,000 रुपयांची झाली. यंदा भाव 150 रुपये झाला आणि पिशव्या 90 च गेल्या, तरी विक्री 13,500 रुपयांची, म्हणजे साडेबारा टक्के अधिक दिसते. घरोघरी मात्र तेल दहा टक्के कमी पोहोचलेले असते. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण असे घडते. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले आणि ऐन सणाच्या तोंडावर तेलाचे भाव चढले.

तरीही किरकोळ विक्रीचा आकडा टाकाऊ ठरत नाही. आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनात सुमारे साठ टक्के वाटा कुटुंबांच्या खर्चाचा असल्यामुळे, लोक दुकानात काय करतात यावर कारखान्यांचे उत्पादन आणि रोजगार दोन्ही अवलंबून असतात. अमेरिकेत जनगणना विभाग दर महिन्याच्या मध्यास किरकोळ विक्रीचा आकडा देतो, पण त्यातून महागाई वजा केलेली नसते. ब्रिटनमध्ये मूल्य (किती रुपयांऐवजी किती पौंडांची विक्री) आणि परिमाण (किती माल गेला) असे दोन्ही आकडे देतात, आणि मला ती पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. भारतात असा सरकारी मासिक आकडाच नाही. त्यामुळे जीएसटीचे संकलन, वाहनांची नोंदणी, यूपीआयचे व्यवहार अशा आडवाटेने अंदाज बांधावा लागतो, आणि यातल्या प्रत्येकात एक खोच आहे. एका महिन्यात जमा झालेला जीएसटी बहुतांशी आधीच्या महिन्याच्या व्यवहारांचा असतो. यूपीआयच्या वाढीत रोखीने होणारी जुनीच खरेदी मोबाइलवर आलेली असू शकते. वाहन कंपन्या वितरकाकडे गाडी पाठवली की ती विक्री धरतात, तर वितरकांची संघटना नोंदणी झालेली गाडीच मोजते. वितरकांच्या आवारात गाड्या साचत असतील, तर पहिला आकडा फुगतो आणि दुसरा खरे सांगतो.

तुलना कोणत्या महिन्याशी आहे, हेही पाहावे. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, तर 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. साहजिकच 2024 ची बहुतेक दिवाळी खरेदी ऑक्टोबरमध्येच उरकली, आणि केवळ ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करणाऱ्याला तेजी व नोव्हेंबरची नोव्हेंबरशी करणाऱ्याला मंदी दिसण्याची शक्यता होती. आपले सण तिथीने येतात, म्हणून दोन्ही महिने एकत्र धरावेत. खोल घसरणीनंतरची वाढही अशीच फसवते. पहिल्या अंदाजांनुसार अमेरिकेतील विक्री एप्रिल 2020 मध्ये 16.4 टक्क्यांनी घटली आणि मे महिन्यात 17.7 टक्क्यांनी वाढली. ऐकायला वाढ मोठी, पण शंभराचे 83.6 झाल्यावर त्यात 17.7 टक्के मिळवले तरी 98.4 च होतात.

खरेदी कमाईतून झाली की हप्त्यांवर, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पगार वाढला म्हणून घेतलेला फ्रिज आणि कर्ज सहज मिळाले म्हणून घेतलेला फ्रिज विक्रीच्या आकड्यात सारखेच दिसतात, परंतु दुसरा पुढच्या वर्षाची खरेदी आजच खाऊन टाकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीम भार, म्हणजे अशा कर्जांसाठी बँकांनी किती भांडवल बाजूला ठेवायचे ते ठरवणारे प्रमाण, 100 वरून 125 टक्के केला, तो अशा कर्जांच्या वेगाची काळजी वाटूनच.

आपल्या दुकानदारांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : किलोची पुडी मागणारे किती जण आता पाव किलोवर आले, आणि महिन्याच्या सात तारखेपर्यंत चुकती होणारी उधारी आता कोणत्या तारखेला चुकती होते. त्यांच्या उधारीच्या वहीत याचे उत्तर आधीच लिहिलेले असेल.